खालची आळी

मालकांनी मेजावर नकाशा पसरला. तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून एका टोकावर गोंदाचा डबा, दुसऱ्यावर लोखंडी पट्टी आणि तिसऱ्यावर स्वतःचा चहाचा पेला ठेवला. चौथे टोक धरावे म्हणून मिस्तरीने हात पुढे केला, तो तसाच अधांतरी राहिला. नदी कागदाच्या डाव्या अंगाने येत होती आणि मध्यावर, माणूस उशाशी हात दुमडून निजतो तशी, कोपरात वाकत होती. जगात नद्या पुष्कळ आहेत आणि वाकणे हा तर त्यांचा स्वभावच आहे. तथापि हे कोपर मिस्तरीच्या ओळखीचे होते. ओळख डोळ्यांना पटण्यापूर्वी अंगाला पटली. बुडी मारली की कानांत पाणी शिरते आणि काठावरची माणसे तोंडे हलवताना नुसती दिसतात, तसे मालकांचे बोलणे एकाएकी दूर गेले. "धरणाला पन्नास वर्षं होतायत," ते म्हणत होते. "काठावर मोठा हॉल बांधलाय. लोक येतात, पाणी बघतात, फोटो काढतात. आता त्यांना खाली काय होतं तेही बघायचंय. बुडालेल्या गावाचं मॉडेल, आख्खंच्या आख्खं. वर निळी काच, खाली गाव, आतून दिवे. लोक वेडे होतील, मिस्तरी." कोपऱ्यात बसून तारेच्या झाडांना हिरवा भुसा चिकटवणारा चष्मेवाला मान वर न करता म्हणाला, "आणि माणसं किती लावायची?" मालक म्हणाले, "माणसं नकोत. माणसं दिसली की बघणाऱ्याला वाईट वाटतं, मग फोटो कोण काढणार?" चष्मेवाला हसला. मिस्तरीही हसला, निदान त्याचे ओठ तरी हसण्याच्या जागी गेले. मग त्याने चौथे टोक दाबून धरले.

बोलावे असे त्याला वाटले नाही असे नव्हे. परंतु गावाविषयी बोलणे हा त्यांच्या घरात आईचा हक्क होता. चुलीवर एकाच बाईची सत्ता चालावी, तशी त्या बुडालेल्या गावावर आईची सत्ता चालत असे. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या बाहेरील अरुंद सज्जात खुर्ची टाकून ती बसे आणि कपडे वाळत घालणाऱ्या, मुलाला भरवणाऱ्या, जिना चढून धापा टाकणाऱ्या, जो कोणी सापडेल त्याला सांगे, "आमचं घर चौकात. दुमजली. काळ्या लाकडाचा जिना, त्याला कठडा असा, की हात फिरवला तर तोंड दिसावं." ऐकणारे बदलत गेले, इमारतीत नवी बिऱ्हाडे आली, जुनी गेली, घर मात्र तेच. किंबहुना तेही राहिले नाही, ते वाढत गेले. मिस्तरीची बायको पोळपाटावरून नजर न काढता म्हणे, "आईंच्या घराला दर वर्षी एक खोली फुटते. पाण्यात आहे ना, शेवाळासारखं वाढतंय." आणि आई चिडली की पुढे जोडी, "लोक म्हणतात, पोरीला बुडत्या घरात देऊ नये. माझ्या बापानं तर बुडालेल्याच घरात दिली." हे खरेच होते. तिचे वडील मुलगा बघायला आले तेव्हा त्या दोन खोल्या, ओल धरलेली भिंत आणि मुलाच्या गोंदाने माखलेल्या बोटांकडे पाहून चप्पल घालायला उठले होते. तेवढ्यात आईने चौकातल्या घराचा विषय काढला, आणि ते पुन्हा बसले. गेले ते पाण्यात गेले, पण माणसे मूळची चौकातली, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर कसा उमटला ते मिस्तरीला अद्याप आठवत होते. त्या एका घराने या कुटुंबाला सून दिली, उधारीवर वाणसामान दिले, इमारतीत मान दिला. मिस्तरीला स्वतःलाही त्या घरावाचून दुसरे बालपण नव्हते. डोळे मिटले की त्याला तो काळा कठडा दिसे, त्याचा थंड गुळगुळीतपणा बोटांना जाणवे. आणि जे बोटांना जाणवते त्याच्यावर कारागीर माणूस शंका घेत नाही.

त्याने काम सुरू केले. आजवर तो जी घरे अजून उभी राहिली नाहीत त्यांचीच रूपे घडवत आला होता. बिल्डर लोक यायचे, स्वप्न दाखवायचे, आणि मिस्तरी पुठ्ठा, पातळ फळी, धारदार पाते आणि चिमटा घेऊन ते स्वप्न टेबलावर उभे करायचा. पुष्कळदा खरी इमारत पुढे उभीच राहत नसे, आणि कारखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेले पुठ्ठ्याचे मनोरे तेवढे तिची साक्ष देत. होणाऱ्या घरांशी त्याचा हात इतका सरावला होता, की होऊन गेलेल्या घरांपुढे तो आरंभी बिचकला. होणारे घर कुणाला ओळखत नाही; होऊन गेलेले घर ओळखते. शाळा झाली, तिची कौले त्याने नखाएवढ्या पट्ट्यांनी रचली. पेठ झाली, घड्याळाचा मनोरा झाला. मग चौकातले ते दुमजली घर हाती घेतले तेव्हा मात्र त्याने मालकांना किंवा चष्मेवाल्याला काहीएक विचारले नाही, कारण विचारण्याचे कारणच नव्हते. हात आपोआप चालत होते. धुण्याचा दगड, त्याच्याकडून निघून भिंतीकडेने वळत जाणारी मोरी, बाहेरून वर जाणारा अरुंद जिना, एका खिडकीच्या मोडक्या झडपेवर ठोकलेला पत्रा, त्या पत्र्यावर गंजाचा ओघळ. त्या ओघळासाठी त्याने अर्धी सकाळ घालवली. आपण फार सुंदर काम करत आहोत अशी एक गोड, थोडी लाजिरवाणी भावना त्याच्या छातीत दाटून आली होती.

मालक त्या दिवशी कुठूनतरी चौकाचा एक जुना फोटो घेऊन आले. फोटो घरापुढे धरून ते वाकले, मेजाला वळसा घालून पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले. "मिस्तरी," ते म्हणाले, "घराला पाठ फार झकास दिलीत. तोंड कुठंय?" मिस्तरीला प्रथम कळलेच नाही. फोटोत त्या घराला रुंद ओसरी होती, चार खांब होते, वर नक्षीची महिरप होती. आणि त्याने घडवलेल्या घराची चौकाकडची बाजू म्हणजे एक कोरा पुठ्ठा होता, मध्ये एक दार, तेही अंदाजाने काढलेले. चष्मेवाला तिकडून म्हणाला, "चोर शिरला असणार घरात, मागूनच आला आणि मागूनच गेला." मालक हसले. मिस्तरीने फोटो हाती घेतला. त्या ओसरीवर आपण कधीतरी बसलो असू, त्या खांबाला कधीतरी मिठी मारली असेल, म्हणून त्याने मन लावून पाहिले. परंतु ते खांब त्याच्याकडे परक्या माणसांसारखे पाहत राहिले. मग त्याला कठडा आठवला, तो काळा, तोंड दिसणारा कठडा. आणि आयुष्यात प्रथमच त्याच्या ध्यानात आले, की त्या आठवणीत कठडा नेहमी वर आहे. डोक्याच्या वर. तो कठड्यावरून कधीच खाली पाहत नाही; तो जिन्याखाली, अंधाऱ्या तिकोनी जागेत, ओल्या राखेच्या वासात बसला आहे, फटीतून हात घालून कठड्याची खालची कड चाचपतो आहे, आणि मागल्या अंगणातून भांड्यांचा आवाज येतो आहे. भांडी घासणारी बाई मध्येच हळू आवाजात म्हणते, "हात लावू नकोस रे, त्यांचं आहे." तो आवाज आईचा होता.

एखाद्या भिंतीतली एक वीट काढावी आणि मागे दुसरी खोली निघावी, तसे त्यानंतर होत गेले. ज्या बाजूला तो आणि आई संध्याकाळी त्या घरामागून निघून जात, ती बाजू उताराची होती. चौक वर राहायचा, पेठेचे दिवे वर राहायचे, आणि पायांखाली रस्ता संपून ओलसर माती सुरू व्हायची. मग वास. कुजत घातलेल्या तागाचा, गोडसर, घशाला धरणारा वास, जो त्या वस्तीतल्या कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा येत असे आणि ज्याच्यामुळे वरच्या गावातली माणसे त्या उतारावर पाऊल टाकत नसत. खालची आळी. नदीच्या कोपरापाशी, अगदी कुशीत, दोर वळणाऱ्यांची घरे होती, आणि घरांपुढे लांबच लांब मोकळी पट्टी. तिच्यावर माणसे कमरेला तागाचा जुडगा बांधून दिवसभर उलटी चालत. दोर असाच वळला जातो. एक टोक चाकाला अडकवायचे आणि बोटांतून धागे सोडत मागे मागे जायचे. त्याचा बाप असाच चालत असे. मुलगा चाक फिरवत बसलेला, आणि बाप त्याच्याकडे तोंड करून, त्याच्याकडेच पाहत, हळूहळू लहान होत जातो आहे. इतर मुलांचे बाप कामाला जाताना पाठमोरे दिसत असतील; त्याचा बाप समोरून दिसत दिसत लांब गेला होता. हे इतके मोठे दृश्य आपण कुठे ठेवून दिले होते, याचे मिस्तरीला भय वाटले. शहरात आल्यावर बाप एका गोदामाचा पहारेकरी झाला. कधी संध्याकाळी सज्जात उभा असला, की नकळत त्याची बोटे हवा वळू लागत आणि पाय मागे पडू लागत; लगेच आतून आईचा दबका आवाज येई, "सरळ चाला. लोक बघतात." बाप दचकून थांबे. अखेरच्या काही वर्षांत तो बहुधा बसूनच असे. पाय चालले की मागेच जातील, ही धास्ती त्यामागे होती की काय, कोण जाणे.

त्याने नकाशा पुन्हा काढून पाहिला. नदीच्या कोपरापाशी काही नव्हते. रेघ नव्हती, ठिपका नव्हता. पडीक जमीन दाखवणारी विरळ टिंबे होती. धरणाचा दगड रचायला जागा हवी म्हणून खालची आळी सर्वांच्या आधी उठवली गेली, आणि मोजणीवाले गावात आले तेव्हा तिथे दगडांच्या राशीच होत्या, हे त्याला आता स्पष्ट आठवले. वरचे गाव पाण्याने बुडाले. त्याची मोजणी झाली, त्याचे फोटो निघाले, आता त्याच्यावर निळी काच बसणार होती. आळी कोरड्या जमिनीवरच बुडाली होती. मिस्तरीने कुणाला न विचारता पुठ्ठा कापायला घेतला. लहान, ठेंगणी घरे, एकाला एक खेटून. प्रत्येकाला एक दार, नखाएवढे. या खेपेस त्याच्या हाताला तोंड आणि पाठ दोन्ही ठाऊक होती. मालकांनी पाहिले तेव्हा आळी पुरी चिकटून झाली होती.

"हे काय?" ते म्हणाले. "नकाशात नाही ते मॉडेलात कुठून आलं?"

"होतं ते, मालक."

"कशावरून?"

"मी तिथला आहे."

चष्मेवाल्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "इतकी वर्षं शेजारी बसतोय, गडी मासा निघाला." मालक मात्र हसले नाहीत. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांना हिशेब जुळलेला लागे, एवढेच. "तुम्ही तेव्हा किती, एवढेसे असाल," त्यांनी हात गुडघ्यापर्यंत नेला. "उद्या ते हॉलवाले मोठे लोक येऊन विचारतील, तर मी काय सांगू? आमच्या मिस्तरींना आठवतं म्हणून? दुसरं कुणी आहे सांगणारं?" मिस्तरी म्हणाला, "आई आहे." मालकांनी विचार केला. "मग आणा त्यांना. त्या हो म्हणाल्या तर राहू द्या, मी बघून घेतो पुढचं. नाही म्हणाल्या तर काढून टाका. बोला, कबूल?" मिस्तरीने मान हलवली. जगात त्या आळीला आता एकच साक्षीदार उरला होता, आणि त्या साक्षीदाराने पन्नास वर्षे एकच काम निष्ठेने केले होते: ती आळी पुसण्याचे.

घरी त्याने बायकोला सारे सांगितले. थट्टा करायला इतकी मोठी संधी चालून आली असताना तिने एक अक्षर थट्टेचे काढले नाही. मग म्हणाली, "अहो, कशाला उकरताय? म्हातारीनं आयुष्य घालवून एक घर उभं केलं. ते पाडणार का तुम्ही?"

"मी पाडत नाहीये. बांधतोय."

"तिच्या लेखी एकच की. तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

"बाबा मिळतील," तो म्हणाला, आणि आपण असे काही बोलू याची त्यालाच कल्पना नसल्यामुळे ओशाळून मोरीवर हात धुवायला गेला. आईला आधी सांगून ठेवावे, हात जोडावे, हे त्याच्या मनात येऊन गेले. परंतु पढवून आणलेल्या साक्षीने त्याचे समाधान होणारे नव्हते. तिने स्वतःहून बोट ठेवावे, एवढेच त्याला हवे होते.

आईने ठेवणीतले कपडे काढले. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला तिने सांगितले, "मुलानं आमचं गाव केलंय. आख्खं. तेच बघायला चाललेय." कारखान्यात मालकांनी स्वतःची खुर्ची दिली, "या आजी, बसा," म्हणाले, पण ती बसली नाही. ती मेजाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली आणि तिचा श्वास ऐकू येऊ लागला. "अगं बाई," ती म्हणाली, "केवढंसं झालं रे." मग तिने शाळा ओळखली, पेठ ओळखली, घड्याळाच्या मनोऱ्याला "हे घड्याळ कायम मागंच असायचं" म्हणून दटावले. चष्मेवाला तिच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि तिने त्याला झाडांच्या जागा चुकल्या म्हणून बोलून घेतले. तो म्हणाला, "आजी, पाण्याखाली झाडं सरकतात." ती म्हणाली, "तू सरक आधी, उजेड अडवू नकोस." सगळे हसले. मिस्तरीला आईचा अभिमान वाटला.

ती चौकातल्या घरापाशी आली. ओसरी, खांब, महिरप, सारे आता फोटोबरहुकूम झाले होते. तिने त्या दर्शनी बाजूकडे, एखाद्या प्रतिष्ठित माणसाकडे पाहावे तसे, अंतर राखून पाहिले. नंतर ती सावकाश मेजाला वळसा घालून मागल्या बाजूला गेली. तिचे वाकडे झालेले बोट पुढे आले आणि धुण्याच्या दगडावर टेकले, आणि दोनदा, तीनदा, घासल्यासारखे फिरले. "हे बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. मिस्तरीला वाटले, आता. आता ती उतारावरून खाली येईल. बोट दगडावरून निघाले, मोरीच्या कडेने चालले, मागल्या कुंपणापाशी आले आणि तिथे थबकले.

"आजी," मालकांनी विचारले, "आणि ही खालची घरं? मिस्तरी म्हणतात, इथं दोर वळणारे राहायचे."

तिने त्या ठेंगण्या घरांकडे पाहिले. तिच्या नाकपुड्या किंचित फुलल्या. चेहऱ्यावर दुसरे काही हलले नाही.

"इथं? इथं कोण राहणार? मोकळीच जागा ती. कुणी पाऊल टाकत नव्हतं. वास यायचा."

"मोकळ्या जागेला कसला वास?" चष्मेवाला म्हणाला.

"पाण्याचा."

"आई," मिस्तरी म्हणाला. त्याचा आवाज त्याला लहान मुलासारखा ऐकू आला. "आई, बाबा इथं उलटे चालायचे."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता. राग असता तर सोपे गेले असते. भर बाजारात आपल्या अंगावरचे वस्त्र कुणी ओढू लागले तर माणूस ज्या दृष्टीने पाहील, तशी ती दृष्टी होती. "तुझे बाबा," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सरळच चालायचे." आणि ती खुर्चीवर बसली.

मालक घसा खाकरून म्हणाले, "झालं तर मग. मिस्तरी, काढून घ्या. रंगाला द्यायचंय." ते कुणाकडे न पाहता बाहेरच्या खोलीत गेले. मिस्तरी उभा राहिला. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होते. त्याच्याजवळ वास होता, चाक होते, जिन्याखालची राख होती. परंतु ती सारी साक्ष ज्या माणसाविरुद्ध द्यायची ते माणूस ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर हात जुळवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे समोर बसले होते. पन्नास वर्षांत तिने कधी कुणाचे काही नेले नव्हते. नेला होता तो एक कठडा, आणि तोही आपल्या मुलासाठी, ज्याला तिथे हात लावायची मनाई होती. मिस्तरीने पातळ पाते उचलले. आपला गोंद किती चिवट असतो ते त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. घर तुटू न देता सोडवायचे तर पाते अगदी आडवे धरून पायाखाली सारावे लागते. पहिल्या घरापाशी तो वाकला आणि पात्याची धार त्याने उंबऱ्याला लावली.

"अरे," खुर्चीवरून आई म्हणाली, "आधी दार तरी वाजव."

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती खिडकीबाहेर, रस्त्यावर कुणी टेम्पो मागे घेत होते तिकडे पाहत होती, आणि आपण बोललो हे जणू तिच्या गावीही नव्हते. चष्मेवाला हसायला गेला, पण हसला नाही. मिस्तरीने पाते बाजूला ठेवले. करंगळीच्या नखाने त्याने त्या नखाएवढ्या दारावर हलकेच टकटक केली. मग माणूस एखाद्याच्या दारात जितका वेळ थांबतो, आत कुणी निजले असेल, कुणाचे हात पिठात असतील, म्हणून जितका वेळ द्यावा लागतो, तितका वेळ तो मान खाली घालून थांबला. आईही थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत नव्हता.

नंतर त्याने पाते उचलून आत सारले, आणि पुढच्या घराचे दार वाजवले.